मॅकशेन यांचा वाचनक्रम: तक्ता चांगला, पण सूचना फाडून टाकू नका

वर्षभरात अख्खे पवित्र शास्त्र (बायबल) वाचण्यासाठी जे तक्ते चालतात, त्यांत पावणेदोनशे वर्षांहून जास्त टिकलेला एक तक्ता रॉबर्ट मरे मॅकशेन यांचा आहे. ते स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या सेंट पीटर्स मंडळीचे (चर्चचे) पाळक होते. १८४२ च्या अखेरीस त्यांनी हा तक्ता आपल्या मंडळीसाठी केला, आणि २५ मार्च १८४३ ला टायफसने ते गेले. वय २९. स्वतःच्या तक्त्याचे पहिले तीन महिनेसुद्धा त्यांना पुरे मिळाले नाहीत. तक्ता मात्र चालत राहिला. आज तो पुस्तिकांमध्ये मिळतो, फोनमधल्या अ‍ॅपमध्ये मिळतो, एका पानावर छापून शास्त्रात खोचून ठेवता येतो.

अध्याय भराभर संपवायला तो उपयोगी आहे हे कोणीही सांगेल. या परीक्षणापुरती कसोटी वेगळी आहे: वाचलेल्या वचनावर भरवसा ठेवायला आणि ते पाळायला हा तक्ता मदत करतो का? थोडक्यात उत्तर असे, की नुसता तक्ता फारशी करत नाही. मॅकशेन यांनी त्याला जोडलेल्या सूचनांसह घेतला तर पुष्कळ करतो. अडचण अशी, की तक्ता सगळीकडे पोहोचला आणि सूचना मागे राहिल्या.

आधी रचना पाहू. रोजचे चार रकाने आहेत. पहिले दोन कौटुंबिक उपासनेसाठी, पुढचे दोन एकांतातल्या वाचनासाठी. वर्षात जुना करार एकदा पुरा होतो. नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. हिशेब मांडला तर जुन्या कराराचे ९२९ अध्याय, नव्याचे २६० दुप्पट म्हणजे ५२०, आणि स्तोत्रांची जादा फेरी १५०, असे एकूण १५९९. रोज चार याप्रमाणे वर्षाला १४६० जागा होतात. म्हणून काही दिवशी दोन लहान अध्याय किंवा स्तोत्रे एका जागेत बसवलेली दिसतात, तर १७६ वचनांचे ११९ वे स्तोत्र तुकडे करून अनेक दिवसांवर वाटलेले आहे. मनात वाचणाऱ्याला चारही भागांना साधारण वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मोठ्याने वाचले तर जास्त. गणना ७ सारखा ८९ वचनांचा अध्याय आला की तेवढ्यात भागत नाही.

१ जानेवारीला चार आरंभ एकत्र येतात: उत्पत्ति १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १. जगाची निर्मिती, ख्रिस्ताचा जन्म, बंदिवासातून परतलेल्या लोकांची नवी सुरुवात आणि मंडळीचा उगम. ही मांडणी नुसती सुंदर नाही, कामाचीही आहे. सरळ उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत वाचत जाणारा रोज सव्वातीन अध्याय वाचतो आणि बहुधा यज्ञ आणि विधींच्या नियमांनी भरलेल्या लेवीयमध्ये अडकतो. कारण उघड आहे: त्या दिवसांत त्याच्या ताटात लेवीयशिवाय दुसरे काहीच नसते. मॅकशेन यांच्या तक्त्यात लेवीय एप्रिलच्या सुमारास येते आणि कौटुंबिक वाचनात तिच्या जोडीला स्तोत्रे सुरू होतात. यज्ञांचे नियम आणि ‘माझ्या पापांची क्षमा कर’ ही आर्त हाक शेजारी शेजारी येतात. लेवीय कशासाठी आहे हे समजवायला वेगळ्या भाष्याची गरज मग कमी पडते.

आता गुणदोष. दोषांची यादी आपल्याला करावी लागत नाही, कारण कर्त्याने ती स्वतःच देऊन ठेवली आहे. आपल्या मालाबरोबर त्याचे धोके छापणारे थोडेच! मॅकशेन यांनी चार धोके सांगितले: वाचन नुसता उपचार होईल, ‘मी वाचतो’ या गोष्टीने माणूस स्वतःला नीतिमान समजू लागेल, वाचन निष्काळजी होईल, आणि काहींना ते न पेलणारे जू वाटेल. चारही खरे आहेत. फक्त ते ज्या क्रमाने दिले आहेत त्या क्रमाने अंगावर येत नाहीत. पहिल्यांदा येते ते जू.

पाच दिवस चुकले की किमान वीस अध्याय मागे. माणूस शनिवारी ते भरून काढायला बसतो, बारा अध्याय धावत वाचतो, एकही डोक्यात राहत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तक्ता बंद पडतो. यावर उपाय एकच: भरून काढू नका. आजची तारीख उघडा आणि तिथून वाचा. नवा करार आणि स्तोत्रे वर्षात दोनदा येणारच आहेत. जुन्या करारातला चुकलेला भाग पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा भेटेल. चुकलेल्या तारखांपुढे पेन्सिलीने एक ठिपका ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कुठे लक्ष द्यायचे ते कळेल. हे ऐकायला सैल वाटते, पण तक्ता डिसेंबरपर्यंत जिवंत राहतो तो यामुळेच. चार भाग मुळातच झेपत नसतील तर दोन वर्षांत विभागा. पहिल्या वर्षी पहिले दोन रकाने, दुसऱ्या वर्षी उरलेले दोन. रोजचे काम निम्मे होते आणि क्रम मोडत नाही.

स्वतःला नीतिमान समजण्याचा धोका आज जास्त आहे, कारण अ‍ॅप खुणा मोजते. सलग इतके दिवस, इतके टक्के. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करतो हे देवाला मोजून सांगतो. त्याच्या हातात फोन असता तर आकडा दाखवला असता. १ शमुवेल १५ मध्ये शौल राजाने नेमके हेच केले. आज्ञा अर्धी पाळली, उत्तम मेंढरे राखून ठेवली आणि वर म्हणाला, यज्ञासाठीच ठेवली. शमुवेल संदेष्ट्याचे उत्तर, यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे, हे वाचनाच्या खुणांनाही लागू आहे. चार अध्यायांवर चार खुणा केल्या म्हणून त्यांत सांगितलेले झाले असे होत नाही. अ‍ॅपमधली सलग दिवसांची मोजणी बंद करता येत असेल तर पहिल्याच दिवशी बंद करा.

आता ज्या सूचनेसाठी हा वाचनक्रम घ्यावा ती. एकांतातल्या वाचनात दोन-तीन सर्वांत समृद्ध वचनांवर खूण करावी आणि त्यांतल्या ओळी-ओळीवर, शब्दा-शब्दावर प्रार्थना करावी, असे मॅकशेन यांनी लिहिले आहे. कुटुंबात वाचण्याआधी कुटुंबप्रमुखाने अध्याय स्वतः वाचून ठेवावा, दोन-तीन ठळक वचने हेरावीत आणि त्यांवर साधे प्रश्न विचारावेत. बस्स. चार अध्यायांचा पसारा शेवटी दोन-तीन वचनांवर आणून ठेवायचा. आज्ञापालन सुरू होते ते इथून, कारण चार अध्याय कोणीच पाळू शकत नाही. एक वचन पाळता येते.

एक दिवस नमुन्यादाखल घेऊ. २१ जानेवारीला उत्पत्ति २२, मत्तय २१, नहेम्या ११ आणि प्रेषितांची कृत्ये २१ येतात. पहिल्यात देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला यज्ञ म्हणून अर्पण करायला घेऊन निघतो. तिसरे वचन सांगते, तो पहाटेच उठला. पाचवे वचन त्याहून लक्षात ठेवण्यासारखे: तो चाकरांना म्हणतो की आम्ही आराधना करून परत येऊ. ‘आम्ही’. इब्री ११:१९ त्याचा अर्थ उलगडते: देव मेलेल्यांतूनही उठवू शकतो असा हिशेब त्याने केला होता. म्हणजे आज्ञेच्या खाली विश्वास आहे, आणि विश्वासाच्या खाली आधीचे अभिवचन, की इसहाकापासूनच तुझा वंश चालेल. मत्तय २१ मध्ये बापाने दोन मुलांना द्राक्षमळ्यात जायला सांगितले. एक ‘नाही’ म्हणाला आणि नंतर गेला. दुसरा ‘जातो’ म्हणाला आणि गेलाच नाही. नहेम्या ११ ही वरवर नुसती नावांची यादी, आणि वाचक इथे पाने उलटतात. पण दुसरे वचन बघा: यरुशलेमेत राहायला जे आपखुशीने पुढे आले त्यांना लोकांनी आशीर्वाद दिला. बाकीच्यांसाठी दहातला एक या हिशेबाने चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या होत्या. कृत्ये २१ मध्ये मात्र गाठ आहे. शिष्य पौलाला यरुशलेमेस जाऊ नको म्हणतात, अगब नावाचा संदेष्टा त्याच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून काय होणार ते दाखवतो, तरी पौल जातो. मग त्याने ऐकले की नाही? उत्तर आदल्या अध्यायात, २०:२२ मध्ये: आत्म्याने बांधला जाऊन मी जात आहे. पुढे संकट आहे हे त्याला कळवले होते. जाऊ नये अशी आज्ञा झाली नव्हती. शेवटी सगळे म्हणतात, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो.

त्या दिवशी खूण करायला उत्पत्ति २२:५ आणि मत्तय २१ मधला तो ‘जातो’ म्हणणारा मुलगा पुरे. आता वहीत एक ओळ. वहीची गोष्ट मॅकशेन यांच्या सूचनांतली नाही, ही आमची भर आहे. पण खूण आणि प्रार्थना यांच्यानंतर हात हलावा लागतो, आणि त्यासाठी इतके साधे साधन दुसरे नाही. ओळीत चार गोष्टी हव्यात: तारीख, वचनाचा संदर्भ, क्रियापद, वेळ. ‘आज्ञाधारक राहायचे’ ही ओळ निकामी आहे. त्यात करण्यासारखे काही नाही. ‘येतो म्हणून सांगितलेल्या आजाऱ्याकडे आज सहाला जाणे’ ही ओळ चालते. ५ जानेवारीला मत्तय ५ येतो. तिथे वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर असे सांगितले आहे (५:२३-२४). त्या दिवसाच्या ओळीत एका माणसाचे नाव यायला हवे. नाव येत नसेल तर ओळ अजून लिहिलेलीच नाही असे समजा.

रोज एकच ओळ, चार रकान्यांच्या चार ओळी नाहीत. दुसऱ्या दिवशी वाचायला बसताना आधी कालची ओळ बघायची. झाली असेल तर तिच्यावर रेघ मारायची, नसेल तर तीच पुढे न्यायची. एकच ओळ तीन दिवस पुढे जात राहिली तर दोनपैकी एक कारण असते. ओळ धूसर असेल तर ती पुन्हा लिहा. स्पष्ट असेल तर ती आता वेळेची अडचण राहिलेली नाही. १ योहान १:९ प्रमाणे पाप कबूल करून क्षमा मागा आणि मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला ती ओळ दाखवा. हे अवघड वाटते, पण एकट्याच्या वहीत ओळी वर्षभर पडून राहू शकतात.

ओळ लिहिताना क्रम फार महत्त्वाचा. निर्गम २० उघडा. पहिली आज्ञा तिसऱ्या वचनात आहे; दुसऱ्या वचनात देव म्हणतो, मी तुला मिसर देशातून, दास्याच्या घरातून बाहेर आणले. आधी सुटका, मग आज्ञा. इफिसकरांस पत्रातही तसेच: २:८-९ मध्ये कृपेने, विश्वासाने तारण, कर्मांनी नाही, लगेच २:१० मध्ये सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आपण. म्हणून वहीत वरती देवाने काय केले किंवा कोणते अभिवचन दिले ते लिहावे, आणि त्याखाली आपली ओळ. वरचा भाग वगळला की महिनाभरात वही कामांच्या यादीसारखी दिसू लागते, आणि देवाला खूश ठेवण्यासाठी केलेली कामे लवकर थकवतात. उलट खालचा भाग वगळला, की याकोब १:२२-२४ मधला माणूस तयार होतो: आरशात तोंड पाहिले आणि आपण कसे दिसत होतो ते विसरला.

इथवर सगळे सुरळीत वाटेल, पण चार पुस्तकांतून रोज एक वचन उचलण्यात खरा धोका चुकीचे वचन उचलण्याचा आहे. मॅकशेन यांनी याबद्दल फार सांगितले नाही. त्यांच्या मंडळीला दर आठवड्याला त्यांचे प्रवचन होते. अ‍ॅपवर वाचणाऱ्याला ते नाही. लेवीय १९:१८ आणि १९:१९ एकमेकांना लागून आहेत. पहिल्यात शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. दुसऱ्यात दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र घालू नकोस. ख्रिस्ती माणूस पहिले पाळतो आणि दुसरे तसे पाळत नाही, ते स्वतःच्या सोयीने नव्हे. पहिले वचन प्रभूने मत्तय २२:३९ मध्ये पुन्हा सांगितले. शुद्ध-अशुद्धाचे आणि यज्ञांचे विधी ख्रिस्तात कसे पूर्ण झाले ते मार्क ७, कृत्ये १० आणि इब्री ८ ते १० मध्ये वाचायला मिळते. जुन्या करारातली ओळ वहीत घेण्याआधी नवा करार तिच्याविषयी काय म्हणतो ते बघणे, ही दोन मिनिटांची सवय फार घोळ टाळते.

दुसरा घोळ वृत्तांत आणि आज्ञा यांतला. शास्ते ६ मध्ये गिदोन लोकर ठेवून देवाकडे चिन्ह मागतो. अनेक जण हीच देवाची इच्छा ओळखायची पद्धत समजतात. गिदोनाला त्याआधी देवाने स्पष्ट शब्दांत सांगितले होते. लोकर हा त्याच्या भित्रेपणाचा भाग होता आणि देवाने त्याला सांभाळून घेतले. शास्ते ११ मधला इफ्ताहाचा नवस (घरातून जे पहिल्यांदा सामोरे येईल त्याचा होम करण्याचा) तर अनुकरणासाठी नाहीच. शास्त्रात घडलेले सांगितले आहे म्हणून ते करा असा अर्थ होत नाही.

अभिवचनांच्या बाबतीतही हेच. यिर्मया २९:११ भेटकार्डांवर दिसते: तुमच्या हिताचे संकल्प. वरचे दहावे वचन मात्र कोणी छापत नाही. त्यात बाबेलात सत्तर वर्षे पुरी झाल्यावर, असे आहे. बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेले ते पत्र मिळालेल्यांपैकी बहुतेक वृद्धांनी परतीचा रस्ता पाहिलाच नसणार. त्यावर भरवसा ठेवायचा तो इतक्या लांबीचा. फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ परीक्षेच्या आदल्या दिवशी आठवते, पण तिथे पौल उपासमारीत आणि भरपुरीत समाधानी राहण्याविषयी बोलत आहे. अभिवचन वहीत उतरवताना वरची तीन आणि खालची तीन वचने वाचावीत. त्याने अभिवचन लहान होत नाही. कशासाठी दिले ते कळते.

तक्त्याचे काही बारीक दोष आहेत. अध्याय हा एकक सोयीचा असला तरी अध्यायांची विभागणी मूळ लेखकांनी केलेली नाही; ती तेराव्या शतकातली. दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत यशया ५२:१३ पासून सुरू होते, आणि त्याची पहिली तीन वचने मागच्या अध्यायाबरोबर आधीच वाचून झालेली असतात. असे पुष्कळ ठिकाणी होते. कालच्या अध्यायाची शेवटची चार वचने आज पुन्हा वाचली की दुवा जुळतो. १ इतिहासातले पहिले नऊ अध्याय वंशावळींचे. तिथे दोन-तीन वचनांची खूण करणे कठीण जाते. त्या दिवशी ओळ दुसऱ्या एखाद्या रकान्यातून घ्यावी, वंशावळीतून ओढूनताणून काही काढू नये.

मुले असलेल्या घरांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. उत्पत्ति ते २ इतिहास हा सगळा पट्टा पहिल्या, म्हणजे कौटुंबिक रकान्यात आहे. उत्पत्ति १९, ३४, ३८ आणि शास्ते १९ हे अध्याय तिथेच येतात. कुटुंबप्रमुखाने आधी वाचून ठेवावे ही सूचना इथे शोभेची राहत नाही. आदल्या रात्री वाचा, लहानांसमोर कोणती वचने घ्यायची ते ठरवा, उरलेले मोठ्यांनी वेगळे वाचा. प्रश्नही साधे असावेत: इथे देवाने काय सांगितले, लोकांनी काय केले, त्याचे काय झाले. ‘तुला काय वाटते’ असा प्रश्न नंतर विचारावा. पहिल्यांदाच विचारला तर मुले वचन सोडून भलतीकडे जातात.

कोणी घेऊ नये? नुकताच विश्वासात आलेल्याला हा तक्ता पहिल्याच दिवशी देऊ नये. चार पुस्तके एकाच वेळी उघडली तर त्याला कोण कुठे आहे तेच कळत नाही. त्याने मार्क घ्यावे: सोळा अध्याय, रोज एक, हीच वही, हीच एक ओळ. मग रोमकरांस पत्र, तेही सोळा अध्यायांचे. त्यानंतर वर्षाच्या कोणत्याही तारखेला तक्त्यात शिरता येते. जानेवारीची वाट पाहायची गरज नाही. एखाद्या पत्राचा सखोल अभ्यास करायचा असेल तरी हा तक्ता त्या कामाचा नाही. रोमकरांस पत्र सोळा दिवसांत पसरते, आणि मधे रोज आणखी तीन पुस्तके येतात. युक्तिवादाचा धागा सुटतो. अशा वेळी एक बैठक वेगळी काढून पत्र सलग वाचावे.

३१ डिसेंबरला शेवटचे चार भाग येतात: २ इतिहास ३६, प्रकटीकरण २२, मलाखी ४, योहान २१. योहान २१ मध्ये पेत्र दुसऱ्या शिष्याकडे पाहून विचारतो, ह्याचे काय? त्याला येशूचे उत्तर मिळते, तुला त्याचे काय, तू माझ्यामागे ये. त्या दिवसाची ओळ बहुधा इथूनच निघते. २ इतिहास पारसाचा राजा कोरेश याच्या जाहीरनाम्याने संपते: देवाच्या लोकांपैकी जो असेल त्याने वर जावे. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला, एज्रा १ त्याच जाहीरनाम्याने सुरू होतो, जवळजवळ त्याच शब्दांत. छपाईची चूक समजून तो भाग गाळू नका. २ इतिहासात जाहीरनामा वाक्यावर संपतो. कोण उठले, कोणी सामान बांधले आणि किती भांडी मोजून दिली, ते एज्रा १ मध्ये आहे.